दूध मागून येतं

मार्लिस एल्मरच्या ऑफिसात दारामागे एक फिरतं स्टँड आहे. हायस्कूलच्या मुलांना पुढे काय करायचं याचा सल्ला देणं हे तिचं काम, आणि त्या स्टँडवर नर्सपासून वेल्डरपर्यंत सगळ्या नोकऱ्यांची माहितीपत्रकं खोचलेली असतात. अगदी खालच्या ओळीत एक पत्रक आहे ट्रकचालकाचं. वर एक हसरा दाढीवाला माणूस, त्याच्या मागे चकचकीत ट्रक, ट्रकच्या मागे बर्फाचे डोंगर. आत लिहिलंय, मागणी भरपूर, पगार चांगला, कॉलेजची गरज नाही, घरापासून लांब राहायची तयारी हवी. इतक्या वर्षांत मार्लिसने ते पत्रक कितीतरी मुलांच्या हातात ठेवलं असेल, आणि दरवेळी अगदी मनापासून. लोकांच्या मुलांनी घरापासून लांब राहण्याला तिची कधीच हरकत नव्हती.

मग एके दिवशी तिच्या स्वतःच्या मुलीने ते पत्रक घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर बटाट्यांच्या शेजारी ठेवलं.

"हे काय?" मार्लिसने विचारलं.

"तुझंच आहे. तूच वाटतेस ना?"

"ज्यांना अकाउंटन्सी जमत नाही त्यांना देते मी ते."

"मला जमते," केल्सी म्हणाली. "जमते म्हणूनच कळलं की नको."

केल्सीने मॅडिसन शहरात राहून पदवी घेतली होती आणि तिथेच एका विमा कंपनीत वर्षभर हिशेब तपासले होते. खुर्ची चांगली होती, माणसं चांगली होती, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी आली ती बॅगा घेऊनच. तिचा बाप ब्रूस ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि कमी बोलतो. पत्रक पाहून तो एवढंच म्हणाला, की ट्रक चालवणाऱ्याला निदान रस्ता तरी दिसतो, आणि त्याने अजून बटाटे वाढून घेतले. मार्लिस पुढचे दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

बर्फ वितळेपर्यंत केल्सीच्या हातात अवजड गाडीचं लायसन्स होतं. ट्रेनिंगच्या वर्गात सगळ्यांत कठीण काय असतं, तर एवढं लांबलचक धूड मागे घेऊन दोन रेघांच्या मधोमध लावणं. सगळे कॉफीचे कप घेऊन बघत उभे राहतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. केल्सी दर थोड्या अंतरावर खाली उतरून मागे जाऊन बघून यायची. मुलगे हसले. परीक्षेच्या दिवशी त्यांच्यातल्या दोघांनी खांब पाडले, तेव्हा हसायची पाळी तिची होती, पण ती हसली नाही, तिने एकाला खांब उभा करायला मदत केली. हे मार्लिसला ब्रूसकडून कळलं. मुलगी आईला काहीच सांगत नसे, कारण काहीही सांगितलं की आई त्याच्या पुढची तीन संकटं मोजून दाखवायची.

लायसन्स मिळालं आणि दोन दारं उघडली.

एक होती मोठी कंपनी. नवीकोरी गाडी, आत झोपायला बिछाना, मैलामागे पैसे, वर्षाचा आकडा असा की विमा कंपनीतल्या केल्सीच्या साहेबालाही जरा वाईट वाटलं असतं. तीन आठवडे रस्त्यावर, मग थोडे दिवस घरी. माणसं मिळत नाहीत म्हणून ती कंपनी केल्सीला आठवड्यातून दोनदा फोन करत होती. मे संपेपर्यंत कळवते, असं केल्सीने सांगून ठेवलं होतं.

दुसरा होता वर्लिन झ्वायफेल. वर्लिन गेली चाळीस वर्षं ग्रीन काउंटीतल्या गोठ्यांवरचं दूध टँकरमध्ये भरून गावच्या चीजच्या कारखान्यात पोचवत होता. आता त्याच्या खुब्याचं हाड बदलायचं होतं, आणि डॉक्टरने सांगितलं होतं की नवं हाड टँकरवर चढण्यासाठी नाही.

मार्लिस त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली, अगदी ऑफिसात बसते तशी, पर्स मांडीवर घेऊन.

"पगार?" तिने विचारलं.

"मोठ्या कंपनीपेक्षा कमी," वर्लिन म्हणाला. "कागदावर."

"कागदावर म्हणजे?"

"ते फिरत्या चाकाचे पैसे देतात, मार्लिस. कुठल्या तरी गोदामाच्या दारात तुझी पोरगी अर्धा दिवस उभी राहिली, तर तो अर्धा दिवस कुणाचाच नाही. शिवाय तीन आठवडे विकतचं खायचं, विकतची आंघोळ करायची. मी फेरीचे देतो. गाडी चालली काय, चिखलात रुतली काय."

"सुट्ट्या?"

"ते गाईंना विचार."

"आणि पुढे? आता म्हणे गाड्या आपोआप चालणार. माणूस लागणारच नाही."

"चालू देत की आपोआप," वर्लिन म्हणाला. "पण टाकीचं झाकण उघडून वास कोण घेणार? मशीनला मी अजून शिंकतानाही पाहिलेलं नाही."

दुधाचा टँकर चालवणाऱ्याला दूध हुंगावं लागतं. शेतकऱ्याच्या टाकीचं झाकण उघडायचं, वाकायचं, हुंगायचं, आणि बरं असेल तरच नळी लावायची. त्यासाठी सरकारची वेगळी परीक्षा असते. कारण टँकरला टाकी एकच. पहिल्या चार गोठ्यांचं दूध कितीही उत्तम असो, पाचव्याचं बिघडलेलं आत गेलं की सगळ्यांचंच गेलं, आणि कारखान्याच्या दारातून गाडी परत.

इथेच केल्सीचं घोडं अडलं होतं. टँकर वर्लिनचा असला तरी दूध शेतकऱ्यांचं, आणि ते कुणाच्या गाडीत घालायचं हे तेच ठरवणार. त्यांच्याकडे एका वाहतूक कंपनीचा माणूसही येऊन जात होता, चांगल्या बुटांचा, थोडा कमी दर सांगणारा. सगळ्यांचं म्हणणं एकच पडत होतं. पोरगी चांगली आहे, गाडी चांगली चालवते, पण ती आपल्यातलीच. निम्मे तिचे काका-मामा, निम्म्यांच्या घरी ती लहानपणी खेळलेली. कुणाला नको म्हणायची वेळ आली तर तिची जीभ उचलेल का? या शंकेवर सगळ्यांत ठाम होती लॅव्हॉन डिश. तिच्याकडे सगळ्यांत जास्त गाई होत्या, आणि ती हो म्हणाली असती तर बाकीचेही म्हणाले असते. महिनाअखेर उत्तर देतो, असं सगळे म्हणाले. होकार नाही आला, तर वर्लिन गाडी विकणार आणि केल्सी मोठ्या कंपनीच्या बिछान्यात झोपून देशभर हिंडणार.

आतापर्यंत मार्लिसला दोन्ही नको होतं. आता ती रोज मनातल्या मनात दुधाच्या टँकरसाठी प्रार्थना करू लागली. दोन काळज्यांतली जी संध्याकाळी घरी जेवायला येईल, ती तिला हवी होती.

वर्लिन दवाखान्यात गेला आणि हुंगण्याची परीक्षा पास झालेली केल्सी एकटी फेरी करू लागली. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ती म्हणाली, "आई, शनिवारी शाळा नाही तुला. चल माझ्याबरोबर. एकदा बघून घे म्हणजे खिडकीत उभी राहणं बंद होईल तुझं."

"मी खिडकीत उभी राहत नाही. मी पडदे नीट करते."

"रोज पहाटे?"

मार्लिस गेली. वर चढायला दोन पायऱ्या आणि एक दांडी होती, आणि चढताना तिने जे तोंड केलं ते केल्सीने पाहिलं नाही असं दाखवलं. आत स्वच्छ होतं. कप ठेवायची जागा होती. पट्टा चांगला जाड होता. मार्लिसला जरा बरं वाटलं. पहिले दोन गोठे झाले. उतरत्या रस्त्याने गाडी हळूहळू खाली आली आणि स्टॉपच्या पाटीपाशी मऊपणे, अगदी रेघेवर थांबली. मार्लिस म्हणणारच होती की छान थांबवलीस, तेवढ्यात मागून कुणीतरी दणकन ढकललं.

"ठोकलं कुणीतरी आपल्याला," ती डॅशबोर्ड धरून म्हणाली.

"दूध आहे, आई."

"दूध?"

"आपण थांबलो, ते अजून थांबलं नाही. मागून येतं." केल्सीने ब्रेकवरचा पाय तसाच ठेवला होता. गाडी पुन्हा एकदा मागे ओढल्यासारखी झाली, पुन्हा पुढे. "पेट्रोलच्या टँकरला आतून भिंती असतात. आपल्याला नाहीत. कोपरे राहिले तर धुवायचे कसे? म्हणून आतून एकदम मोकळा, बाटलीसारखा. अर्धा भरलेला असला की सगळ्यांत जास्त हुंदडतं."

"आणि रस्त्यावर बर्फ असला तर?"

"तर चौकाच्या मधोमध नेऊन ठेवतं."

मार्लिसने पट्टा ओढून घट्ट केला. "हे मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"म्हणून थांबायचं ते आधीपासूनच थांबायला लागायचं. वर्लिन म्हणतो, तू गाडी थांबवू नकोस, दुधाला थांबव. गाडी थांबेल मग."

पुढच्या प्रत्येक पाटीपाशी मार्लिसचे हात डॅशबोर्डवर गेले आणि दूध मागून आलं. चौथ्या गोठ्यापाशी तिने केल्सीला विचारलं, की दुधाला नाव ठेवलंय का काही, आणि केल्सी हसली. गाडीत बसल्यापासून आईने केलेला तो पहिला विनोद होता.

पाचवा गोठा ग्लेनचा. ग्लेन व्होगेली म्हणजे मार्लिसचा धाकटा भाऊ, वडिलांच्याच शेतावर वडिलांच्याच पद्धतीने राहणारा. मे महिना लागला की गवताच्या परागांनी त्याचं नाक गळायला लागतं ते जून संपेपर्यंत. गोठ्याला लागून टाकीची पांढरी खोली आहे, तिच्या दारात तो रुमाल घेऊन उभा होता.

"अरे वा," तो म्हणाला. "आज सुपरवायझर बरोबर आहे वाटतं."

"मी नुसती बसलेय," मार्लिस म्हणाली.

"तू आयुष्यात कधी नुसती बसली आहेस?" ग्लेन शिंकला.

केल्सीने हात धुतले, थंडाव्याचा काटा बघितला, झाकण उचललं आणि वाकली. वाकली ती वाकलेलीच राहिली. मग तिने झाकण लावलं, बाहेर जाऊन मोकळा श्वास घेतला, परत आली आणि पुन्हा उघडलं.

"मामा, काल गाई कुठे होत्या?"

"कुरणात. अजून कुठे असणार?"

"कुठल्या?"

"ओढ्याकडच्या."

"तिथलं कुंपण नीट आहे?"

"कुंपणाला काय झालंय?" ग्लेनने नाक पुसलं. "ओढ्याला पाणी आलं होतं गेल्या आठवड्यात. एखादा खांब कलला असेल. का?"

"ओढ्यापलीकडे जंगलात आत्ता काय उगवलंय?"

ग्लेनने रुमालाची घडी बदलली. इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की मे महिन्यात जंगलात काय उगवतं. रानलसूण. हिरवागार, रुंद पानांचा, पायाखाली गालिचा पसरावा तसा. लोक टोपल्या भरून आणतात आणि अंड्यांबरोबर परततात. गाईंना अंडी लागत नाहीत.

"मला तर काही वास येत नाही," ग्लेन म्हणाला.

"तुला मे महिन्यात कशाचाच वास येत नाही," मार्लिस म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला वाटलं, गप्प बसायला हवं होतं.

"बरं, असेल लसूण. जरासा." ग्लेन भाचीकडे वळला. "अगं, पण ते या दुधाचं करतात काय? लिंबर्गर. ज्या चीजचं वेष्टन उघडलं की पाहुणे आपापले बूट तपासतात, त्यात माझा लसूण कुणाला कळणार आहे?"

"आज लिंबर्गरचा दिवस नाही, मामा. आज स्विस आहे, त्यात सगळं कळतं. आणि गाडीत चौघांचं दूध आहे आधीच. लॅव्हॉनचंही."

"मग वर्लिनला फोन लाव."

"लावते. पण फोनमधून वास जाणार नाही."

ग्लेनचा आवाज बदलला. तो भांडखोर माणूस नव्हता. भांडला असता तर मार्लिसला सोपं गेलं असतं. तो हळू बोलला.

"केल्सी, ही माझी दोन दिवसांची कमाई आहे. आणि त्या कंपनीचा माणूस सोमवारी परत येतोय माझ्याकडे. तो विचारेल, काय ठरवलं. मी काय सांगू त्याला? माझ्या भाचीने माझंच दूध दारात ठेवलं, तरी मी तिलाच देणार?"

"तुला वाटेल ते सांग," केल्सी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणीही तिचे कानच आधी लाल व्हायचे.

"मार्लिस," ग्लेन म्हणाला, "तू हुंग. बाबा तुलाच हाक मारायचे, मला नाही. तू जे म्हणशील ते मला मान्य."

हे खरं होतं. वडील मार्लिसला टाकीपाशी उभं करायचे आणि विचारायचे, सांग बघू, काल आपण कुठे चरलो? ती सांगायची, टेकडीवर, किंवा तिपतिया गवताच्या शेतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असायची. ग्लेनला कधीच जमलं नाही. मग ती कॉलेजला गेली आणि शेत ग्लेनकडे आलं.

ती टाकीपाशी गेली. वाकण्याआधीच तिच्या डोक्यात सगळं मांडून झालं होतं. ती नुसतं नाही म्हणाली, की ग्लेन खूश. ग्लेन खूश, म्हणजे त्याचा होकार, त्याच्या मागून बाकीच्यांचा. मग पोरगी रोज दुपारी घरी. टेक्सास नाही, डोंगरातले घाट नाहीत, ट्रकच्या अनोळखी तळावर झोपणं नाही. वास फार नसला तर कारखान्यात कळणारही नाही कदाचित. एक शब्द पुरेसा होता आणि तो तिच्या जिभेवर तयार होता.

तिने श्वास घेतला. आधी नुसता गारवा आणि गोडसरपणा. मग सावकाश, मागून, रविवार सकाळचा तवा.

तिने मान वर केली. केल्सी तिच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, ती हाताची घडी घालून उभी होती, मार्लिस पालकांच्या सभेत उभी राहते अगदी तशीच. हिला खोटं सांगितलं तर ही माझं ऐकून नळी लावणार नाहीच, मार्लिसच्या मनात आलं, आणि वर मला ओळखून राहील.

"लसूण आहे, ग्लेन," ती म्हणाली.

"जरासा?"

"जरासा नाही. ऑम्लेट आहे."

ग्लेन उलट्या बादलीवर बसला. मग शिंकला. त्याच्या त्या शिंकेतच सगळा राग निघून गेला असावा असं मार्लिसला वाटलं, पण तिला ते हवंच होतं म्हणून वाटलं असेल. "जा आता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दुसऱ्यांचं दूध गाडीत आहे."

गाडी कारखान्याच्या वाटेला लागली.

"तो कंपनीला हो म्हणणार," मार्लिस म्हणाली.

"म्हणेल."

"आणि सख्खा मामाच गेला तर लॅव्हॉनही जाईल."

"जाईल." केल्सीने पुढची पाटी दिसताच खूप आधीपासून वेग उतरवायला सुरुवात केली. "मग मी तुला रोज फोन करीन. कुठलंही गाव असलं तरी."

दूध मागून आलं. पण खूप हळू, पाठीवर हात ठेवावा तसं. मार्लिसच्या लक्षात आलं की तिने डॅशबोर्ड धरला नव्हता.

कारखान्यात चीज बनवणाऱ्याने दूध हुंगलं, मान डोलावली आणि विचारलं, "ग्लेनचं कुठाय?"

"राहिलं आज," केल्सी म्हणाली. "रानलसूण."

"हं," तो म्हणाला आणि पंप सुरू केला. तो फारसा बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळे त्या हं मधून मार्लिसला काहीच लावता आलं नाही, आणि तिने आठवडाभर तो हं मनात उलटसुलट करून पाहिला. सोमवारी कंपनीचा माणूस ग्लेनकडे गेला हे तिला कळलं. पुढे काय झालं ते कळलं नाही. भावाला फोन करायला तिने चारदा हात पुढे केला आणि चारदा मागे घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव तळलेला मासा खायला बारमध्ये जमतं. मार्लिस म्हणाली, आज डोकं दुखतंय. ब्रूस म्हणाला, मासा खाऊन दुखेल तेवढंच दुखेल, आणि गाडी काढली.

ग्लेन काउंटरपाशी ब्रँडीचा ग्लास घेऊन उभा होता आणि त्याच्याभोवती पाचसहा जण हसत होते. मार्लिसला पाहून त्याने हात वर केला.

"ही बघा आली. हिचंच सांगत होतो. सख्ख्या भावाला ऑम्लेट म्हणाली."

"भावाला नाही, दुधाला," मार्लिस म्हणाली.

"एकच. अहो, मी रागारागाने ते वासरांना पाजायला नेलं. वासरांनी माझ्याकडे बघितलं. मग मांजरीपुढे बशी ठेवली. मांजरीने बशीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून निघून गेली. माझ्या घरात मी सोडून सगळ्यांना वास येत होता." तो मार्लिसकडे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कुंपणाचे तीन खांब आडवे होते. तीन. पलीकडे लसणाचं मैदान साफ. बाबांनी मला बडवलं असतं."

"मग सोमवारी काय सांगितलंस त्या माणसाला?"

"माझ्याकडे येण्याआधीच लॅव्हॉनने त्याला वाटेला लावलं होतं. तिलाच विचार."

लॅव्हॉन डिश कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी मासा खात होती. तिने समोरची खुर्ची पायाने सरकवली. मार्लिस बसली.

"तुझ्या मुलीने ग्लेनचं दूध सोडलं म्हणे," लॅव्हॉन म्हणाली. "मामाचं."

"हो."

"आणि तू साक्ष दिलीस."

"हो."

"माझं दूध होतं त्या गाडीत." लॅव्हॉनने माशावर लिंबू पिळलं, सावकाश, दोन्ही बाजूंनी. "तो चांगल्या बुटांचा माणूस आला होता माझ्याकडे. मी त्याला विचारलं, तुमच्या ड्रायव्हरचा एखादा मामा आहे का इकडे, गाई असलेला? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग तो नको म्हणू शकतो हे आम्हाला कसं कळणार?"

मार्लिसला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला तिने लॅव्हॉनच्या ताटातला मासा उचलून तोंडात घातला. लॅव्हॉनने ताट थोडं तिच्याकडे सरकवलं.

ग्लेननेही हो म्हटलं, पण एका अटीवर, की कुंपण मायलेकींनी येऊन लावायचं. रविवारी दोघी गेल्या, ब्रूसलाही घेऊन. ब्रूसने खांब ठोकले, केल्सीने तार ओढली, मार्लिसने सगळ्यांना सांगितलं की बोट जपा. मग ओढ्यापलीकडे गाईंनी जे शिल्लक ठेवलं होतं त्यातून टोपलीभर लसूण निघाला आणि ग्लेनच्या बायकोने तो अंड्यांत परतला. सगळे तुटून पडले. केल्सीने मात्र नुसते बटाटे खाल्ले. सकाळी तिला नाक लागणार होतं.

मोठ्या कंपनीला तिने नकार कळवला. ते अजून महिन्यातून एकदा फोन करून बघतात, माणसं मिळत नाहीत त्यांना. वर्लिन काठी घेऊन कारखान्याच्या दारात येऊन बसतो आणि ती गाडी मागे कशी घेते ते बघतो. ती अजूनही मध्येच उतरून मागे बघून येते. त्याला ते फार आवडतं, पण तो तिला तसं सांगत नाही.

मार्लिसने ट्रकचालकाचं पत्रक खालच्या ओळीतून वर, डोळ्यांच्या उंचीवर आणलंय. कुणी उचललं तर ती विचारते, तुला सकाळी उठता येतं का, थांबायचं असेल तर आधीपासून थांबता येतं का, आणि तुझं नाक कसं आहे. मुलं गोंधळून बघतात. जानेवारीत बर्फावर काय होईल याची काळजी तिने सोडलेली नाही. पडदेही ती पहाटे नीट करतेच.

परवा शाळेतून घरी जाताना ती आपल्या छोट्या गाडीने उतारावरच्या त्या स्टॉपच्या पाटीपाशी थांबली. इकडेतिकडे कुणी नव्हतं. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मागून भोंगा वाजला. आरशात पाहिलं तर रुपेरी टँकर, आणि खिडकीतून मान बाहेर काढलेली केल्सी.

"आई, कशाची वाट बघतेस?"

मार्लिसने काच खाली केली. "मागून दूध यायची."

"दूध माझ्याकडे आहे," केल्सी म्हणाली. "तू हो पुढे."